वासा जहाज आणि मोरावळ्याचं सायन्स

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड आलं की स्वीडनचं वासा जहाज म्हणे शापित होतं म्हणून पहिल्याच फेरीत बुडालं, आणि ३३३ वर्षांनी जसंच्या तसं वर आलं हा दैवी चमत्कार. वाचून राहवलं नाही.

शाप बिप काही नाही. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून निघालं, ६४ तोफा, त्यातल्या बऱ्याचशा दोन मजल्यांवर मांडलेल्या, वरचा भाग जड आणि तळाशी वजन अपुरं. जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं. साधारण ३० माणसं गेली. वाईट याचं वाटतं की निघायच्या आधी ३० खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून बघितलं होतं, तेव्हा जहाज इतकं डोलायला लागलं की ३ फेऱ्यांनंतर ती टेस्टच थांबवली. म्हणजे धोका समोर दिसत होता. शापाच्या गोष्टीत नेमकं हेच झाकलं जातं.

टिकलं कसं, तर लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा जीव खाऱ्या पाण्यात वाढतो आणि स्टॉकहोमजवळच्या बाल्टिक समुद्राचं पाणी त्याला पुरेसं खारट नाही. १९५६ मध्ये अँडर्स फ्रान्झेन या स्वीडिश संशोधकाने जहाज शोधलं, पाणबुड्यांनी चिखलात जहाजाच्या पोटाखालून ६ बोगदे खणून केबल घातल्या, आणि २४ एप्रिल १९६१ ला ते वर आलं.

पण खरी गंमत इथून पुढे. लोकांना वाटतं आता उन्हात वाळवलं की झालं. तसं केलं असतं तर जहाज तडकून गेलं असतं! लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. पाण्याखाली बॅक्टेरिया हळूहळू त्या नळ्यांच्या भिंतीतलं सेल्युलोज (लाकडाचे मुख्य तंतू) खातात, लिग्निनचा (तंतूंना बांधून ठेवणाऱ्या कडक द्रव्याचा) सांगाडा बऱ्यापैकी उरतो, आणि आकार टिकतो तो आतल्या पाण्याच्या आधारावर. ते पाणी उडायला लागलं की नळीत पाण्याची पातळी मागे सरकते आणि सरकता सरकता पृष्ठताणामुळे भिंतींना आत ओढते, नळी जितकी बारीक तितका ओढा जास्त, आणि कमकुवत भिंत कोसळते. आवळा नुसता वाळवला तर सुरकुततो, पण मोरावळ्यात साखरेचा पाक पाण्याची जागा घेतो म्हणून फोड भरलेली राहते, अगदी तसंच. (बुडालेलं लाकूड टिकवायला साखरेचा पाक खरोखर वापरलाही गेलाय.)

वासासाठी पाक होता पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, जे मलमांमध्ये आणि बद्धकोष्ठाच्या औषधातही असतं. इथे मॉलेक्युलर वेटचा, म्हणजे रेणूची साखळी किती मोठी याचा, खेळ आहे. लहान साखळीचं पीईजी भिंतींच्या आत शिरतं आणि तिथे पाण्याच्या जागी बसून आकसणं थांबवतं, मोठ्या साखळीचं आत शिरत नाही पण पोकळीत मेणासारखं घट्ट होऊन आधार देतं. वासावर आधी १५०० मॉलेक्युलर वेटवालं वापरलं, नंतर ६०० वालं, असं करत १७ वर्षं फवारणी चालली आणि त्यानंतर वाळवायला आणखी ९ वर्षं. एका जहाजापायी २६ वर्षं!

तरी काम संपलं नाही. बंदराच्या घाण, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात बॅक्टेरियांनी हायड्रोजन सल्फाइड तयार केलं होतं, ते लाकडात मुरलं, आणि गंजलेल्या बोल्टांमधलं लोखंडही. हवेत आल्यावर लोखंड कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) होऊन या गंधकाचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनवतं. २००२ च्या एका अभ्यासाप्रमाणे लाकडातल्या सगळ्या गंधकाचं ऑक्सिडेशन झालं (म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झाला) तर ५००० किलोपर्यंत अ‍ॅसिड होईल. म्हणून म्युझियममधली आर्द्रता काटेकोर सांभाळतात, आणि हजारो लोखंडी बोल्ट एकेक काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवले, तेही काही वर्षं लावून.