वेग वाढला, तापमान पडलं

पंख्यासमोर तापमापक धरा. पारा खाली येत नाही. गार वाटतं ते आपल्याला, कारण घाम उडतो. काचेच्या नळीला कुठला घाम!

पण पारा वर तरी का चढत नाही? रेणू जितके वेगानं धावतील तितका वायू तापलेला, असं आपण शाळेत शिकलोय. मग वारा सुटला की हवा तापायला नको? इथं शाळेतलं वाक्य अर्धवट पडतं. खोलीतल्या हवेत नायट्रोजनचे रेणू सरासरी सेकंदाला 470 मीटरनं, म्हणजे आवाजापेक्षाही जोरात, पळत असतात. पण वाटेल त्या दिशेला. वाऱ्याबरोबर वाहत जाणारा चिलटांचा थवा आठवा. थवा पुढं सरकतो तो वारा, आणि थव्याच्या आत प्रत्येक चिलट जे वेडंवाकडं घिरट्या घालतं ते तापमान. तापमान मोजायचं तर थव्याबरोबर चालत मोजायला हवं.

याची कमाल प्रयोगशाळेत दिसते. दाबाखालचा हेलियम बारीक छिद्रातून निर्वातात सोडतात. छिद्रापाशी रेणूंची दाटी असते. मागचा वेगवान रेणू पुढच्या मंदाला ढकलतो, आडवे जाणारे बाहेर पडतात, आणि सगळे जवळजवळ एकाच वेगानं एकाच दिशेला निघतात. खोलीच्या तापमानाचा हेलियम असा सेकंदाला सुमारे 1,750 मीटर वेग गाठतो. आणि त्याचं तापमान? काही केल्विन, म्हणजे उणे 270 अंश सेल्सियसच्या आसपास! घिरट्यांची ऊर्जाच पुढं धावण्यात खर्ची पडली. अशा झोताची कल्पना कँट्रोविट्झ आणि ग्रे या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये मांडली. त्यात दुसरे रेणू मिसळले की त्यांचं गिरकणं चटकन थंडावतं, कंपनं मात्र बराच वेळ गरमच राहतात. एकाच रेणूला दोन तापमानं. मला हे अजूनही गमतीचं वाटतं.

बरं, झोतात तापमापक धरला तर? तो रेणूंना अडवतो आणि धावण्याची ऊर्जा पुन्हा उष्णता होते. विमानाचं तेच: बाहेर उणे 55 अंश असताना सेकंदाला 250 मीटरनं जाणाऱ्या विमानाच्या संवेदकाला उणे 24 च्या आसपास हवा लागते. खरं तापमान संगणक हिशोबानं काढतो.

हेलियमच्या झोतासाठी युक्ती वेगळी. फिरत्या चकतीच्या फटीतून रेणूंची छोटीशी झुळूक सोडायची आणि दूरवर त्यांची वाट पाहायची. सगळे एकदम पोचले तर झोत थंड. रेंगाळत, पुढंमागं आले तर गरम.