स्पर्धी जोखमी

एका कारणाने मृत्यू आला की दुसऱ्या कारणाने तो कधी आला असता, हे कळायला मार्ग राहत नाही. एकमेकांची वाट अशी अडवणाऱ्या मृत्युकारणांना संख्याशास्त्रात स्पर्धी जोखमी म्हणतात.

या विषयाचा उगम देवीच्या रोगात आहे. स्विस गणिती दानिएल बर्नुली यांनी १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे प्रश्न मांडला: देवी मुळातून नाहीशी झाली, तर माणसे किती जास्त जगतील? त्यांनी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांची ब्रेस्लाउ शहराची मृत्युसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता, आधाराला घेतली. देवी न आलेल्यांपैकी दरवर्षी आठातल्या एकाला ती येते आणि आलेल्या आठांत एक दगावतो, असे त्यांनी धरले. हे प्रमाण सगळ्या वयांना सारखेच लावणे धाडसाचे होते. उत्तर आले ते असे: सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. हा लाभ देवी टोचून घेऊन, म्हणजे रोगाचा अंश मुद्दाम शरीरात घालून, मिळवायचा होता. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी हरकत घेतली, की टोचून घेणाऱ्याचा धोका आजचा असतो आणि लाभ पुढच्या कित्येक वर्षांत विखुरलेला. सरासरीत हा फरक बुडून जातो. ही हरकत आजही वजनदार वाटते.

आधुनिक वैद्यकीय अभ्यासांत चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. ठरावीक काळानंतर किती रुग्ण जिवंत राहतात याचा अंदाज देणारी कपलान-मायर पद्धत (१९५८) वापरताना इतर कारणांनी गेलेल्यांना ‘निरीक्षणातून निसटलेले’ धरले जाते. म्हणजे मेलेला माणूसही पुढे कधीतरी कर्करोगाने मरू शकतो, असे हिशेब मानतो. समजा, वृद्ध रुग्णांत कर्करोगाचा मृत्युदर दरवर्षी ०.०२ आणि इतर कारणांचा ०.०८ आहे, दोन्ही स्थिर. दहा वर्षांत कर्करोगाने प्रत्यक्षात सुमारे १२.६ टक्के मरतील, कपलान-मायर १८.१ टक्के सांगेल. वय जितके जास्त, तितका हा फुगवटा मोठा. आलेन-योहानसेन पद्धत (१९७८) सर्व कारणे एकत्र मोजून तो टाळते.

‘अमुक रोग नसता तर’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कारणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत या गृहीतकावर उभे असते. ते खरे की खोटे हे केवळ मृत्यूची वेळ आणि कारण यांच्या नोंदींवरून ठरवता येत नाही, हे त्सियाटिस यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले.

फाइन आणि ग्रे यांचे प्रतिमान (१९९९) इतर कारणांनी मेलेल्यांनाही मुद्दाम जोखीमगटात, म्हणजे ज्यांना तो रोग अजून गाठू शकतो असे धरतात त्या गटात, ठेवते. एखाद्या रुग्णाला पुढच्या काही वर्षांत काय होण्याची शक्यता किती, हे सांगायला ते सोयीचे आहे. रोग कशामुळे होतो हे शोधायचे असेल, तर प्रत्येक कारणाचा दर वेगळा काढणेच बरे.