परिहार सेवेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडकण्याची ठिकाणे

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी परिहार सेवा, या विषयातील प्रशिक्षणासाठी अंबाजोगाई, लातूर, नांदेड या भागांतील डॉक्टर आणि परिचारिकांचे अनेक अर्ज भरले जाताना जवळून पाहिले आहेत. त्यांपैकी बरेच परतही आले. अर्जदाराची योग्यता कमी पडली म्हणून परत आलेला मात्र एकही अर्ज आठवत नाही. कोणाच्या नोंदणीची मुदत संपलेली होती, कोणाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलेले होते, कोणाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर भलत्याच अधिकाऱ्याची सही होती, तर कोणाच्या कंत्राटाचा आदेश प्रशिक्षण चालू असतानाच संपत होता. जो डॉक्टर अखेरच्या दिवसांतल्या रुग्णाच्या खाटेशी बसायला तयार आहे, त्याचा अर्ज अशा कारणासाठी मागे पडावा हे पाहवत नाही. म्हणून ही माहिती सविस्तर लिहिली आहे.

अभ्यासक्रम कोणता निवडावा

इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिचा परिहार सेवेच्या मूलतत्त्वांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असून डॉक्टर आणि परिचारिका दोघांनाही नोकरी सांभाळून तो घरी अभ्यास करून पूर्ण करता येतो. शेवटी परीक्षा असते. दुसरा मार्ग निवासी प्रशिक्षणाचा आहे. तिरुअनंतपुरम येथील पॅलियम इंडिया आणि कोझिकोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन या दोन्ही ठिकाणी सुमारे सहा आठवड्यांचे अभ्यासक्रम चालतात. त्यांत वर्गाइतकाच वेळ रुग्णांच्या घरी जातो आणि डॉक्टरांचा व परिचारिकांचा अभ्यासक्रम वेगळा असतो. आपल्याला जवळचे म्हणावे असे केंद्र पुण्यात वारज्याला आहे. सिप्ला प्रतिष्ठानचे हे परिहार सेवा केंद्र १९९७ पासून रुग्णांची विनामूल्य सेवा करते आणि प्रशिक्षणही देते. एम.डी.चा मार्ग अगदी निराळा आहे. या पदव्युत्तर शाखेला २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. तिथला प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर आणि समुपदेशन फेरीतून होतो, त्यामुळे त्याची चर्चा इथे केलेली नाही.

अर्ज करण्यापूर्वी प्रशिक्षण कशासाठी हवे आहे हे अर्जदाराने स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. आपल्या भागातील बहुतेक डॉक्टरांना ते मॉर्फिन, म्हणजे असह्य वेदना शमवणारे अमली औषध, रुग्णालयात ठेवता यावे म्हणून हवे असते. बार्शीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयातून घरी पाठवलेल्या रुग्णाच्या गोळ्या संपतात तेव्हा केजच्या किंवा हिमायतनगरच्या घरातून पुन्हा तिथवर जाणे त्याला शक्य नसते, आणि गावाजवळच्या रुग्णालयात तर ते औषध ठेवलेलेच नसते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरवून त्यांच्यासाठी देशभर एकच पद्धत घालून दिली. त्यापूर्वी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने जमवावे लागत आणि एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपत असे. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता घ्यावी लागते. त्या मान्यतेची महत्त्वाची अट अशी की वेदनाशमन आणि परिहार सेवेचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक नोंदणीकृत डॉक्टर त्या संस्थेत असला पाहिजे.

इथे दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला असा की प्रमाणपत्र हाती आले की डॉक्टरला मॉर्फिनचा साठा ठेवता येतो. मान्यता संस्थेला मिळते, व्यक्तीला मिळत नाही. शिवाय संस्थेला वर्षभराची अंदाजित गरज आधी कळवावी लागते आणि प्रत्येक गोळीचा हिशोब ठेवावा लागतो. दुसरा गैरसमज आठ आठवड्यांच्या अभ्यासाविषयी आहे. तो चांगलाच आहे, परंतु रुग्णाच्या खाटेजवळ घालवलेल्या दिवसांची जागा तो घेऊ शकत नाही. म्हणून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मान्य केंद्रातील दहा दिवसांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठीही लगेच अर्ज करावा, आणि ठिकाण व तारखा स्पष्ट लिहिलेला दाखला घेऊनच परतावे. पुढे संस्थेच्या मान्यतेचा अर्ज करताना हाच कागद कामी येतो. आणखी एक सुचवणे आहे. एका रुग्णालयातून शक्यतो दोन डॉक्टरांनी अर्ज करावा. प्रशिक्षित डॉक्टर एकच असेल आणि त्याची बदली झाली, तर मान्यतेची अट मोडते आणि मॉर्फिनच्या आधारावर दिवस काढणारा रुग्ण पुन्हा उघड्यावर पडतो.

नोंदणी: जिथे सर्वाधिक अर्ज अडतात

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी परिषदा-व्याख्यानांना हजर राहून पाच वर्षांत ३० गुणांक जमवावे लागतात. शहरातील डॉक्टरांना परिषदा आणि व्याख्याने हाताशी असतात; औंढ्याच्या किंवा पाटोद्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला चार तासांच्या व्याख्यानासाठी दिवस मोडावा लागतो. परिणामी नूतनीकरण मागे पडते आणि प्रशिक्षणाची सूचना हाती पडल्यावरच ते आठवते. नूतनीकरणाचे शुल्क भरल्याची पावती ही नूतनीकरण झाल्याचा पुरावा नव्हे, हे कृपया लक्षात ठेवावे. शुल्काची पावती जोडलेले अर्ज परत आलेले पाहिले आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीलाही हेच लागू आहे. परिचारिकांनी प्रमाणपत्राची मागची बाजू आवर्जून पाहावी, कारण नूतनीकरणाची नोंद तिथे असेल आणि स्कॅन फक्त पुढच्या बाजूचा पाठवला, तर तपासणाऱ्याला नोंदणीची मुदत संपलेली दिसते.

नुकतीच आंतरवासिता संपवलेल्या डॉक्टरांकडे कित्येकदा तात्पुरतीच नोंदणी असते. कायम नोंदणी मागितली असेल तिथे ती चालत नाही. पदवीदान व्हायचे असल्यास विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र जोडावे. गुणपत्रिका पदवीच्या जागी धरली जात नाही.

बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या, डॉक्टरांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण मराठवाड्यातील कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याच भरवशावर चालतात आणि मरणपंथाला लागलेल्या रुग्णाच्या दारात पहिले पाऊल बहुधा त्यांचेच पडते. त्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सूचनेत पात्र पदव्यांची नावे दिलेली असतात. आपली पदवी त्यांत नसेल, तर शुल्क भरण्यापूर्वी केंद्राला ई-मेलने विचारावे आणि आलेले उत्तर अर्जासोबत जोडावे. केवळ रकाना सक्तीचा आहे म्हणून एका परिषदेच्या जागी दुसऱ्या परिषदेचा क्रमांक लिहू नये. त्यामागे खोटेपणा नसतो, पण कागदावर तो तसाच दिसतो.

नाव

ही अडचण बहुतेक परिचारिकांच्या वाट्याला येते. दहावीचे, जी.एन.एम.चे, म्हणजे परिचर्या पदविकेचे, आणि परिषदेचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे असते. आधार, पॅन आणि बँक खाते सासरच्या नावाचे. अर्ज एका नावाने, शुल्क दुसऱ्या नावाच्या खात्यातून आणि ओळखपत्र तिसऱ्याच तऱ्हेचे, असे झाले की परराज्यातील केंद्रात बसलेल्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. आपल्याकडे आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, हेही त्याला ठाऊक नसते. परिषदेच्या नोंदणीवर जे नाव आणि जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच अक्षरशः अर्जात लिहावे, प्रमाणपत्रही त्याच नावाने मागावे, आणि नावबदलाचे राजपत्र जोडावे. राजपत्र प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो. म्हणून अर्ज या वर्षी करायचा नसला तरी राजपत्राचे काम आजच सुरू करावे. विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांवर काही ठिकाणी भागते, काही ठिकाणी भागत नाही.

ना हरकत प्रमाणपत्र

शासकीय सेवेतील अर्जदाराचा सर्वाधिक वेळ या एका कागदात जातो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे येते, त्यामुळे तिथला अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातील अर्ज वैद्यकीय अधीक्षकांमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातो. वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्यांची सही लागते. परवानगी उपसंचालकांकडून घ्या असे सांगण्यात आले, तर बीड, धाराशिव, लातूर आणि नांदेड हे जिल्हे लातूर आरोग्य मंडळात येतात, तर मराठवाड्यातील उरलेले चार जिल्हे छत्रपती संभाजीनगर मंडळात येतात, हे ध्यानात ठेवून योग्य दिशेची गाडी पकडावी.

एका परिचारिकेचा अर्ज एका कार्यालयात सतरा दिवस पडून होता, कारण ‘परिहार सेवा’ हा विषय कोणत्या टेबलाचा आहे हे कोणालाच ठरवता येत नव्हते. अठराव्या दिवशी सही झाली, तेव्हा केंद्राची मुदत उलटून दोन दिवस झाले होते. ज्या कार्यालयाच्या अखत्यारीतील रुग्ण असह्य वेदनांनी रात्री जागून काढत असतात, त्याने दहा ओळींच्या पत्रासाठी अडीच आठवडे घ्यावेत याची चीड येते. तरीही अर्जदाराच्या हाती उपाय आहे. तोंडी विनंती करू नये. अर्ज आवक-जावक विभागात देऊन आवक क्रमांक घ्यावा, प्रशिक्षणाच्या सूचनेची प्रत जोडावी आणि असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आधी भेटावे. परिहार सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला असून तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो, एवढे एक वाक्य अर्जात लिहिले तरी टेबलाचा प्रश्न सुटायला मदत होते.

पत्राचा मसुदाही अर्जदारानेच तयार करून द्यावा. ‘यांना प्रशिक्षणास जाण्यास हरकत नाही’ एवढेच लिहिलेले पत्र पुरेसे ठरत नाही. त्यात अभ्यासक्रमाचे नाव, पहिला व शेवटचा दिवस, प्रवासाचे दिवस आणि ‘सदर प्रशिक्षण कालावधी हा कर्तव्यकाळ समजण्यात यावा’ हे वाक्य असले पाहिजे. हे वाक्य राहून गेले, तर परतल्यावर सहा आठवडे अर्जित रजेत वळते होतात, आणि तोवर पत्रावर सही करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात.

कंत्राटी कर्मचाऱ्यांची अडचण याहून बिकट आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नेमणुकीचा आदेश सहसा अकरा महिन्यांचा असतो. प्रशिक्षण त्या मुदतीच्या पलीकडे जात असेल, तर ना हरकत द्यायला कार्यालय कचरते आणि अनुभवाच्या दाखल्यातही मधला खंड दिसतो. अशा अर्जदारांनी मागच्या सर्व आदेशांच्या प्रती तारखेच्या क्रमाने एकत्र जोडाव्यात आणि अकरा महिन्यांच्या मुदतीत पूर्ण बसणारी तुकडीच निवडावी. एका तुकडीसाठी थांबावे लागले तरी चालेल. सहा आठवड्यांसाठी नेमणूक पणाला लावू नये, असे मनापासून सांगावेसे वाटते.

मुदत आणि उरलेले कागद

शेवटच्या तारखेचा अर्थ सूचनेत शोधावा. अर्ज पाठवण्याची, कागद केंद्रात पोहोचण्याची आणि शुल्क जमा होण्याची तारीख, या तिन्ही वेगळ्या असू शकतात; जी सर्वांत आधीची असेल तीच आपली मानावी. मोबाइलवर काढलेली तिरपी छायाचित्रे पाठवू नयेत. तंदुरुस्तीचा किंवा हिपॅटायटीस-बी लसीचा दाखला मागितला असेल, तर रुग्णालयातच काम करत असल्याने तो सहज मिळेल असे गृहीत धरू नये. लस टोचून घेतलेली असते, पण तिची नोंद सापडत नाही.

प्रशिक्षण का हवे, हे विचारणारा परिच्छेद बरेच जण ‘मला सेवेची आवड आहे’ एवढ्यावर संपवतात. तिथे आपला तालुका लिहावा. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाची उघडी, वास मारणारी जखम घेऊन किती रुग्ण आपल्या केंद्रात आले, त्यांपैकी किती जणांच्या घरातली कमावती माणसे ऊसतोडीला गेलेली होती आणि रुग्णाजवळ केवळ म्हातारी आई होती, हे आपल्या नोंदवहीतून काढून लिहावे. परंडा आणि भूम हे तालुके १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. तिथल्या अर्जदारांना त्या आकड्यांचाही आधार घेता येईल. परत आल्यावर आठवड्यातला कोणता दिवस गृहभेटींना देणार आणि वाहन कुठून मिळणार, हेही लिहिलेले बरे.

प्रशिक्षण पूर्ण करून परतल्यावर प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आस्थापना शाखेत द्यावी, तिची नोंद सेवापुस्तकात झाली आहे हे स्वतः पान उघडून पाहावे, आणि दुसरी प्रत जिल्हा रुग्णालयात परिहार सेवेचे काम पाहणाऱ्यांकडे पोहोचवावी.