पार्श्वभूमी : खेळाडू मुलांचे अंगपिंड आणि घरची मिळकत

पोराला तालमीत घालायचे म्हटले की घरात पहिला हिशेब खुराकाचा होतो. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा महिन्याचा खर्च अल्पभूधारक शेतकऱ्याला पेलत नाही आणि अंग तर त्याच खुराकावर भरायचे असते. म्हणून महाराष्ट्रातील मुलांच्या खेळाचा इतिहास पाहताना हा खर्च कोणी उचलला, हे आधी पाहावे लागते.

कोल्हापुरात तो भार राजर्षी शाहू महाराजांनी उचलला. मल्लांना दरबारातून खुराक मिळे, तालमींना आश्रय मिळे आणि १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात खेड्यातल्या पोरालाही नाव कमावता येई. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मार्च १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आधार सुटला. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि खाशाबांनी बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात कांस्यपदक आणले. चणीने लहान असलेल्या मल्लाला जगाच्या आखाड्यात उभे राहता आले ते या वजनगटांमुळेच.

पुढे शासनाने मुलांचे अंगपिंड पारखून निवड करण्याचा मार्ग धरला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ च्या सुमारास कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाची मुले अॅथलेटिक्ससाठी निवडली. आफ्रिकी वंशाचे शरीर धावण्यासाठी अनुकूल असते, हे त्यामागचे गृहीतक माझ्या मते मुळातच कच्चे होते. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. काहींना नोकऱ्या लागल्या, अनेक जण घरी परतले.

महाराष्ट्रात १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. तिच्या निवड चाचणीत उंची, वजन, तीस मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, आठशे मीटर धाव अशा कसोट्या असतात, आणि निवड झालेल्या मुलाला राहणे, जेवण, शिक्षण व प्रशिक्षण मोफत मिळते. गरीब घराला हा फार मोठा आधार आहे. मात्र मोजपट्टीपाशी उभी राहणारी मुले सारख्या ताटावर वाढलेली नसतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांतील पाच वर्षांखालील ४६ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, सर्वांत संपन्न पंचमांशात हेच प्रमाण २३ टक्के होते; महाराष्ट्राची सरासरी ३५ टक्के होती. शिवाय बाराव्या वर्षी एखादा मुलगा लवकर वयात आल्यामुळे उंच दिसतो, तर त्याचा सवंगडी दोन वर्षांनी वाढणार असतो.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये याच प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकून खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू ठरला. त्याचे वडील शिक्षक, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार येणारे घर. तरी सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांना कर्ज काढावे लागले.