स्टेंटमधील पुनःसंकोच आणि त्यावरील उपचार

करोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) धमनीत बसवलेल्या स्टेंटच्या, म्हणजे धातूच्या बारीक जाळीच्या, आत, किंवा त्याच्या कडेलगतच्या ५ मिमी भागात, नवी ऊती वाढून धमनीचा व्यास ५० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद होणे म्हणजे स्टेंटमधील पुनःसंकोच. डॉक्टर त्याला इन-स्टेंट रीस्टेनोसिस किंवा नुसते आयएसआर म्हणतात. नागपुरात वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक ‘स्प्रिंग पुन्हा ब्लॉक झाली’ असे सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरच असते.

स्टेंट फुगवताना धमनीच्या अस्तराला इजा होते. ती भरून काढण्यासाठी भिंतीतील मऊ स्नायूपेशी वाढतात आणि व्रणासारखी ऊती तयार करतात. ही भरपाई प्रमाणाबाहेर गेली की जाळी आतून भरत जाते. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली पहिली करोनरी बलून अँजिओप्लास्टी (धमनीत बारीक फुगा फुगवून अरुंद जागा रुंद करणे) केली आणि १९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये पहिले करोनरी स्टेंट बसवले गेले. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये २० ते ३० टक्के रुग्णांना हा त्रास होई, बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच. पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेले स्टेंट आल्यावर हे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आत आले, पण संपले नाही. मधुमेह, बारीक धमनी, लांब ब्लॉकेज आणि कॅल्शियमने कडक झालेली भिंत ही नेहमीची कारणे. काही वर्षांनी होणाऱ्या संकोचात स्टेंटच्या आत नव्याने चरबीही साठलेली दिसते.

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणे हा वेगळा प्रकार आहे. गुठळी अचानक होते, अनेकदा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्याने, आणि थेट हार्ट अटॅक येतो. पुनःसंकोच सहसा हळूहळू वाढतो. आधी जिना चढताना दम लागतो, छाती भरून येते. तरी त्याला निरुपद्रवी समजू नये, काहींमध्ये तोही हार्ट अटॅकच्या रूपातच समोर येतो.

उपचार निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: स्टेंट अरुंद का झाला? साध्या अँजिओग्राफीत फक्त अरुंदपणा दिसतो. धमनीत बारीक प्रोब घालून केलेल्या आयव्हस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटी (प्रकाशाने) तपासणीत धमनी आतून दिसते आणि कळते की स्टेंट मुळातच पूर्ण उघडला नव्हता, त्याची तार तुटली आहे, की तो नीट उघडला असून आत ऊती वाढली आहे. ही पायरी खर्च वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती काटकसर चुकीच्या जागी होते. न उघडलेल्या स्टेंटमध्ये दुसरा स्टेंट घातला तर तोही तिथेच आखडतो.

स्टेंट आखडलेला असेल तर जास्त दाब सहन करणारा कडक बलून वापरतात. तो फुगताना पडद्यावर दोन्ही टोके फुगतात आणि मध्ये कंबरेसारखी खाच राहते. दाब वाढवत नेल्यावर ती खाच सुटली की काम झाले. कॅल्शियममुळे सुटतच नसेल तर ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी कॅल्शियम फोडणारी लिथोट्रिप्सी, हिऱ्याचे कण लावलेला फिरता बर (बारीक ड्रिल) किंवा लेसर हे पर्याय उरतात. ऊती जास्त असेल तर तिला चिरा पाडणारे कटिंग किंवा स्कोअरिंग बलून वापरतात. साधा बलून अशा मऊ ऊतीवरून सटकतो.

वाट मोकळी झाल्यावर पुन्हा वाढ होऊ नये म्हणून दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, औषध लावलेला दुसरा स्टेंट. दुसरा, औषधाचा लेप असलेला बलून. हा बलून साधारण ३० ते ६० सेकंद फुगवून धरतात. तेवढ्या वेळात पॅक्लिटॅक्सेल किंवा सिरोलिमस हे औषध भिंतीत उतरते आणि बलून बाहेर काढतात. तेवढा वेळ त्या धमनीतून रक्त थांबते, म्हणून टेबलावरच्या रुग्णाला छातीत दुखू शकते. रक्तात लेप धुऊन जाऊ नये म्हणून बलून जागेवर झटपट न्यावा लागतो. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही मार्गांची शिफारस होती. अमेरिकेत मात्र करोनरी धमनीसाठी अशा बलूनला पहिली मान्यता २०२४ मध्ये मिळाली. बलूनचा फायदा असा की धातूचा आणखी एक थर पडत नाही. आधीच दोन थर असतील, तर तिसरा टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

वारंवार बंद होणारा स्टेंट, डाव्या मुख्य धमनीतील ब्लॉकेज किंवा मधुमेही रुग्णाच्या अनेक धमन्या बाधित असल्यास बायपासचा विचार होतो. आतून किरणोत्सर्ग देण्याचा उपाय २००० च्या सुमारास जोरात होता, आता मोजक्याच केंद्रांत उरला आहे. संकोच किरकोळ असेल आणि रक्तपुरवठा अडत नसेल, तर नुसत्या औषधांवर ठेवणे हाही उपचारच.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण नागपूरला येतात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या मेडिकलशी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी) जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधील एम्स आणि अनेक खासगी रुग्णालये येथे आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटच्या किमतीवर २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, पण तो आदेश स्टेंटपुरता होता. औषधी बलून, आयव्हस यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. पहिल्या वेळची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचा व्यास-लांबी असलेले स्टिकर सोबत असले की डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. शरीरातले पाणी कमी झालेल्या माणसाला अँजिओग्राफीचा डाय दिला तर किडनीवर ताण येतो, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात आणि गरजेनुसार सलाइन लावतात. शुगरच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन घेत असल्यास तसे सांगावे. ‘सिगारेट नाही, फक्त खर्रा’ हे उत्तर इथल्या ओपीडीत नेहमीचे. खर्ऱ्यातही तंबाखूच असते आणि हृदयाला तीही नको असते. नव्या उपचारानंतर अ‍ॅस्पिरिनसोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ ठेवणारी गोळी किती महिने घ्यायची, हे बलून वापरला की स्टेंट आणि रक्तस्रावाचा धोका किती, यावर ठरते.