कामाचं वेळापत्रक आणि साधनांची वाटणी

कामाचं वेळापत्रक म्हणजे एखादं काम तुकड्यांत पाडून कोणता तुकडा कधी धरायचा, कशाच्या आधी काय उरकलं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माणसं, मशीन, पैसा, पाणी कोणाच्या वाट्याला कधी येणार हे आधी ठरवून ठेवणं. यात दोन गोष्टी येतात, एक क्रम आणि दुसरी वाटणी. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात आणि मधे बरीच पानं जातात, पण शेतात दोन्ही एकच असतं कारण ट्रॅक्टर एक आणि धुऱ्यावर वाट पाहणारे दहा. विदर्भात कापसाची पराटी (जुनी वाळलेली झाडं) उपटण्यापासून सरकी टोबण्यापर्यंत आणि डवरणी (कोळपणी)-निंदणापासून वेचणीपर्यंतचा क्रम सगळ्यांना तोंडपाठच असतो, तो इथे परत सांगत नाही.

कागदावरचं वेळापत्रक नेमकं कोणी सुरू केलं यावर एकमत नाही. सगळ्यांना माहीत असलेलं नाव गँट चार्ट, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा तक्ता, डावीकडे कामं आणि वर तारखा. हेन्री गँट (१८६१–१९१९) हा अमेरिकन इंजिनिअर, कारखान्यातल्या कामाचं शास्त्र मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या सोबत काम केलेला. त्याचे तक्ते साधारण १९१० ते १९१५ च्या दरम्यान चालू झाले असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण त्याने १९०३ मधेच कारखान्याच्या रोजच्या हिशोबाचा तक्ता मांडला होता, त्यामुळे वर्ष कोणतं धरायचं ते 'तक्ता' कशाला म्हणायचं यावर ठरतं. नाव पसरलं ते १९२२ मधे वॉलेस क्लार्कने त्यावर पुस्तक काढलं तेव्हा, आणि तोवर गँट जाऊन तीन वर्षं झाली होती.

दुसरा दावेदार पोलंडचा कारोल अदामिएत्स्की (१८६६–१९३३), लोखंडाच्या रोलिंग मिलमधला इंजिनिअर. त्याने १८९६ च्या सुमारास 'हार्मोनोग्राम' तयार केला आणि १९०३ मधे तो रशियन साम्राज्यातल्या इंजिनिअर लोकांपुढे मांडला, पण पोलिश भाषेत सविस्तर छापून आला तो थेट १९३१ मधे. पोलंडमधे वेळापत्रकाला आजही हार्मोनोग्रामच म्हणतात. नुसत्या तारखा लावल्या तर मान त्यालाच जातो, पण प्रस्तुत लेखकाला तारखेपेक्षा रचना जास्त महत्त्वाची वाटते. अदामिएत्स्कीच्या तक्त्यात प्रत्येक कामाची कागदी पट्टी असायची, ती वरखाली सरकवता यायची आणि त्या कामाच्या आधी कोणतं काम, नंतर कोणतं, हे पट्टीवरच लिहिलेलं असायचं. गँटच्या मूळ तक्त्यात हे नव्हतं, त्यात कोणत्या मजुराकडून किंवा मशीनकडून किती काम व्हायला हवं होतं आणि झालं किती, एवढंच होतं. म्हणजे आपण आज कॉम्प्युटरवर 'कशानंतर काय' याचे बाण जोडून जे काढतो आणि गँटचं नाव देतो ते खरं तर अदामिएत्स्कीच्या जास्त जवळचं आहे. नुसत्या आडव्या रेघेने काळ दाखवायची कल्पना तर या दोघांच्याही आधीची, जोसेफ प्रीस्टलेने १७६५ मधे थोर लोकांच्या आयुष्याच्या रेघा ओढून तक्ता छापलाच होता.

यानंतरचा मोठा टप्पा १९५७ ते १९५९ चा. ड्यूपॉन्ट कंपनीत मॉर्गन वॉकर आणि कॉम्प्युटर कंपनी रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी युनिव्हॅक कॉम्प्युटरवर सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे कामांची सगळ्यात लांब साखळी शोधून शेवटची तारीख काढायची रीत) बसवली, आणि जवळपास त्याच वेळी, १९५८ मधे, अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच दुसरी रीत निघाली. दोन्ही पद्धती एकमेकांना न विचारता निघाल्या असं साधारण मानतात. 'क्रिटिकल पाथ' हा शब्द मात्र पर्टवाल्यांचा, ड्यूपॉन्टमधे त्याला आधी 'मुख्य साखळी' म्हणायचे, जे मराठीत जास्त चांगलं बसतं पण आता उशीर झाला. पर्टमुळे पोलारिस दोन वर्षं आधी तयार झालं ही गोष्ट फार सांगितली जाते. हार्वे सापोल्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ मधे सगळी कागदपत्रं चाळून दाखवलं की पर्टचा खरा उपयोग वरच्या साहेबांना आणि पैसे देणाऱ्यांना गप्प ठेवायला जास्त झाला, काम करणारे आपल्या पद्धतीनेच करत होते. हे मत जास्त पटण्यासारखं आहे, तालुक्याच्या ठिकाणी ऑफिसच्या भिंतीवर लावलेला रंगीत तक्ता ज्याने पाहिला आहे त्याला तर लगेच पटेल.

पर्टमधे प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात, सगळं सुरळीत गेलं तर, साधारण, आणि सगळं बिघडलं तर. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं. धानाची रोवणी (भाताची लावणी) घ्या, पाऊस लागून राहिला तर ४ दिवस, साधारण ६, पावसाने दडी मारली तर १४, उत्तर आलं ७. आकडा बरा दिसतो, पण पाऊस सरासरीने पडत नाही.

सीपीएमचं गणित शेततळ्यावर करून पाहिलं की डोक्यात बसते. आखणी १ दिवस, पोकलेनने खोदाई ५ दिवस, आतली पन्नी मागवून गावात यायला १२ दिवस, पन्नी अंथरून जोडायला २, तारेचं कुंपण ३. पन्नी पहिल्याच दिवशी मागवली तर तिचे १२, मग २, मग ३, एकूण १७ दिवस. आखणी-खोदाईचे ६ दिवस त्या १२ च्या पोटात जातात, म्हणजे पोकलेन ६ दिवस उशिरा आला तरी तारीख हलत नाही. या मोकळ्या दिवसांना इंग्रजीत फ्लोट म्हणतात, आपल्याकडे सवड. इथपर्यंत परीक्षेतलं उत्तर झालं. पण पन्नी मापाने जोडून येते आणि माप खड्डा झाल्यावरच कळतं, कारण मुरूम लागला की पोकलेनवाला उतार बदलतो आणि नकाशावरचा खड्डा आणि जमिनीतला खड्डा दोन वेगळे होतात. मग पन्नी खोदाईनंतरच मागवावी लागते, आणि बेरीज होते १ + ५ + १२ + २ + ३ म्हणजे २३ दिवस, सवड शून्य. कामं तीच, प्रत्येकाचे दिवस तेवढेच, फक्त एक बाण इकडचा तिकडे झाला आणि तारीख ६ दिवस पुढे गेली. आता पोकलेन एक दिवस उशिरा आला तरी तळं एक दिवस उशिराच. वेळापत्रक चुकते ते बहुतेक वेळा अशा बाणातच चुकते, दिवसांच्या अंदाजात कमी.

या सगळ्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की माणसं आणि मशीन पाहिजे तेवढी मिळतील. गावात तसं नसतं. भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी घ्या. आधी ट्रॅक्टरने बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात) चिखलणी, मग बायांची टोळी रोवणी करणार. समजा तीन शेतकरी, एक ट्रॅक्टर, एक टोळी. पहिल्याची चिखलणी १ दिवस आणि रोवणी ३, दुसऱ्याची ३ आणि २, तिसऱ्याची २ आणि १. तिसऱ्यापासून उलटं सुरू केलं तर टोळी पहिले दोन दिवस बसून राहते, मधे परत दोन दिवस बसते, आणि सगळ्यांचं मिळून १० दिवस लागतात. पहिला, दुसरा, तिसरा असं घेतलं तर ७ दिवसांत सगळं उरकतं. तोच ट्रॅक्टर, त्याच बाया, तीन दिवस वाचले. यामागचा नियम अमेरिकेच्या एस. एम. जॉन्सनने १९५४ मधे सिद्ध केला, सगळ्या आकड्यांत लहानातला लहान शोधायचा, तो पहिल्या मशीनचा असेल तर ते काम सुरुवातीला, दुसऱ्या मशीनचा असेल तर शेवटी, मग उरलेल्यांत परत तेच. हा नियम दोन साधनांपर्यंत पक्का आहे, तीन झाली की तो सगळीकडे चालत नाही.

प्रत्यक्षात क्रम असा लागत नाही हे सांगायला नकोच. ज्याचा ट्रॅक्टर त्याची बांधी आधी, मग जो नगदी देईल तो, मग नातेवाईक. शिवाय पऱ्ह्याचं (लावायच्या धानाच्या रोपांचं) वय असतं, साधारण २१ ते २५ दिवसांचा पऱ्हा लावला तर फुटवे बरे येतात, त्यामुळे ज्याचा पऱ्हा म्हातारा होत चालला त्याला पुढे घ्यावं लागतं. एका टोळीच्या म्होरक्या बाईंना मी हे जॉन्सनचं गणित वहीवर मांडून दाखवलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, अर्धी बांधी चिखल झाली की आमी उतरतोच, पुरी व्हायची वाट कोन पायते?" आणि ते बरोबरच होतं, कामं एकमेकांवर चढली की सातचे साडेसहाही होऊ शकतात, नियमात ती सोयच नाही.

साधनं मोजकी असली की उत्तर काढणं किती अवघड होते याचा हिशोब नंतर झाला. अशा प्रश्नाला सगळ्या आकारांत झटपट नेमकं उत्तर देणारी रीत सापडलेली नाही आणि सापडेल असं जाणकारांना वाटतही नाही, १९८३ च्या सुमारास तो गणिताच्या भाषेत अवघड वर्गात टाकला गेला. म्हणून सॉफ्टवेअरही अंदाजी नियमच वापरतात, जसं ज्याला सवड कमी त्याला आधी. त्याहून मजेशीर म्हणजे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहमने १९६६ मधे दाखवलेली विचित्र गोष्ट, यादीच्या क्रमाने कामं वाटत गेलं तर कधी कधी मशीन वाढवलं किंवा प्रत्येक काम थोडं थोडं लवकर झालं तरी शेवटची तारीख पुढे जाऊ शकते, कारण मोकळा झालेला हात भलत्याच कामाला लागतो आणि लांब साखळीचं काम थांबून राहतं. ऐन रोवणीत दुसऱ्या गावची टोळी आणल्यावरही काम का लांबतं, याचं एक कारण इथे सापडतं.

विदर्भातली मोठी उदाहरणं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मधे झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींच्या आसपास, २००९ मधे राष्ट्रीय प्रकल्प, आणि खर्च पुढे कितीतरी हजार कोटींवर गेला. भिंत, कालवे, भूसंपादन आणि पुनर्वसन ही कामं एकमेकांवर बांधलेली होती, त्यामुळे भिंत पुढे गेली म्हणून शेतात पाणी आलं असं झालं नाही. उलट टोकाचं उदाहरण वरुड तालुक्याचं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत राज्यातले तीनच तालुके होते, त्यात अमरावती जिल्ह्यातला हा एक. मुदत ४५ दिवस, आणि त्यानंतर पाऊस, म्हणजे सवड कोणीच देणार नाही. क्रम 'माथा ते पायथा', वरचे चर आधी आणि नाला नंतर, नाहीतर वरची माती खाली केलेल्या कामात येऊन बसते. रोजगार हमीत वाटणीचा नियम कायद्यातच होता, २००५ च्या केंद्राच्या कायद्यात मजुरी आणि साहित्य ६० ला ४०, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम.

ओलिताचं वेळापत्रक मात्र शेतकरी ठरवत नाही, लाईन म्हणजे वीज ठरवते. थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. संत्र्याच्या बागेत किंवा हरभऱ्यात कोणत्या दिवशी पाणी पाहिजे हे झाड सांगतं, पण पाणी सुटतं ते फिडरच्या (वीज देणाऱ्या वाहिनीच्या) पाळीने. रात्रीच्या पाळीत मोटर एकट्याने चालू करायला कोणी जात नाही, एक स्टार्टर दाबायला आणि दुसरा टॉर्च घेऊन रानडुकराकडे लक्ष ठेवायला, म्हणजे त्याच ओलिताला माणसं दुप्पट लागतात आणि त्यातला एक सकाळी डवरणीला येत नाही.