चोवीस तासांची लघवी साठवताना पहिली लघवी का टाकावी?

डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून आणण्यास सांगितलेल्या आमच्या प्रयोगशाळेच्या ग्राहकांना लघवी साठवण्याचा कॅन कसा वापरायचा हे बहुधा माहीत असते. तरीही एकाच चुकीमुळे अनेकांना दुसरा कॅन घेऊन परतावे लागते, आणि जत किंवा कवठेमहांकाळहून सांगलीस आलेल्या माणसाचा त्यात संपूर्ण दिवस मोडतो.

ती चूक म्हणजे सुरुवातीच्या सकाळची पहिली लघवी कॅनमध्ये घेणे. साध्या तपासणीसाठी तीच लघवी मागितली जाते, त्यामुळे हा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रश्न वेळेच्या हिशोबाचा आहे.

प्रथिनांच्या वापरातून यकृतात युरिया तयार होतो, स्नायूंतून क्रिएटिनिन येते, आणि रक्त हे टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडांकडे नेते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या, असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात; त्यातील बहुतेक सर्व पाणी, साखर आणि आवश्यक क्षार रक्तात परत घेतले जातात, आणि उरलेला दीड-दोन लिटर द्रव मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरतो. हे काम आपण झोपेत असतानाही चालूच असते. मूत्राशय लघवी तयार करीत नाही, केवळ साठवतो.

म्हणून सकाळी सहाची लघवी ही आदल्या रात्रीची असते. ती टाकून, रिकाम्या मूत्राशयाने सहा वाजल्यापासून वेळ मोजावी. रात्री अकराला लघवी करून झोपलेल्या व्यक्तीने सकाळी सहाची ती लघवी कॅनमध्ये घेतली, तर कॅनमध्ये एकतीस तासांचा ऐवज येतो. अहवाल मात्र चोवीस तासांचा म्हणून जातो, प्रथिनांचे प्रमाण वाढलेले दिसते आणि त्यावर औषध ठरण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी सहा वाजताची लघवी मात्र अवश्य घ्यावी, लघवीची भावना नसली तरी प्रयत्न करावा. मध्ये एकदा जरी लघवी कॅनबाहेर गेली, तरी तसे सांगावे. पाणी घालून भर करू नये.

‘तुम्ही उगाच परत पाठवता,’ असे काही जण म्हणतात. आम्ही प्रत्येक कॅनमधील क्रिएटिनिन मोजतो, कारण ते स्नायूंतून येत असल्याने एकाच व्यक्तीत त्याचे दैनंदिन प्रमाण फारसे बदलत नाही. वय व वजनाच्या मानाने ते फारच कमी-जास्त आढळले, तरच आम्ही विचारणा करतो. या पडताळणीचे किंवा दुसऱ्या कॅनचे पैसे आम्ही घेत नाही.

घरचा तेलाचा किंवा सरबताचा कॅन वापरू नये. आमचा कॅन विनामूल्य मिळतो. काही तपासण्यांसाठी त्यात आम्ही आम्ल घातलेले असते. ते ओतून टाकू नये, आणि लघवी आधी स्वच्छ मग्यात घेऊन मगच कॅनमध्ये ओतावी. कॅन फ्रिजमध्ये ठेवणे घरच्यांना रुचत नसल्यास तो बर्फाच्या बादलीत, सावलीत ठेवावा. सांगली, मिरज व कुपवाड येथे आमचा माणूस घरी येऊन कॅन नेतो. त्यासाठी आदल्या दिवशी सायंकाळी कळवावे.